पाण्याखालच्या पाइपलाइनची परीक्षा आणि परीक्षकाचीही

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात असलेल्या ‘मुंबई हाय’ या क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. सुरुवातीला हे तेल टँकर जहाजांतून आणले जात असे, पुढे १९७८ मध्ये समुद्रतळावर टाकलेली मुख्य पाइपलाइन सुरू झाल्यावर ते थेट उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले. त्यानंतरच्या दशकांत ओएनजीसीने या परिसरात विहिरींचे फलाट, प्रक्रिया फलाट आणि किनारा यांना जोडणाऱ्या पाइपलाइनचे दाट जाळे विणले. समुद्राखालची पाइपलाइन साधारणपणे २५ वर्षांचे आयुष्य गृहीत धरून बांधली जाते, त्यामुळे जुने नळ टप्प्याटप्प्याने बदलण्याची कामेही या क्षेत्रात हाती घ्यावी लागली. कोणता नळ आता बदलायचा, कोणता आणखी दहा वर्षे चालवायचा आणि कोणत्याचा दाब कमी करून काम भागवायचे, हा निर्णय मात्र वयावरून घेता येत नाही. तो पोलादाची जाडी किती उरली आहे यावरून घ्यावा लागतो, आणि ती जाडी ७५-८० मीटर पाण्याखाली, काँक्रीटच्या आवरणात, कित्येक ठिकाणी चिखलात रुतलेल्या नळाची मोजायची असते.

नळाचा बाहेरचा भाग तुलनेने सुरक्षित असतो. त्यावर गंजरोधक थर असतो, नळ तरंगू नये म्हणून बहुधा काँक्रीटचे जड वेष्टन असते आणि ठराविक अंतरावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची कडी बसवलेली असतात. ही कडी समुद्राच्या पाण्यात स्वतः झिजतात आणि पोलादाला गंजू देत नाहीत. धोका अधिक असतो तो आतून. विहिरीतून तेलाबरोबर पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कधी हायड्रोजन सल्फाइड येते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते, प्रवाह मंद असला की पाणी आणि गाळ नळाच्या तळाशी बसतो आणि त्या गाळाखाली सल्फेटवर जगणारे जीवाणू वाढू लागतात. अलास्कातील प्रुडो बे येथे मार्च २००६ मध्ये फुटलेली तेलवाहिनी जमिनीवरची होती, तरी तिची कहाणी याच प्रकारची आहे: मंद प्रवाह, तळाशी साचलेला गाळ, आतून झालेली झीज, आणि १९९८ नंतर त्या नळातून एकदाही न फिरवलेले तपासणी यंत्र. समुद्रात अशी गळती झाली तर ती प्रथम पाण्यावरच्या तवंगाच्या रूपानेच लक्षात येण्याची शक्यता मोठी असते. २०११ च्या जानेवारीत मुंबई-उरण मुख्य तेलवाहिनीतून गळती झाली, तेव्हा हा विषय काही दिवस मुंबईच्या वृत्तपत्रांत गाजला आणि तवंगाबरोबर विरूनही गेला.

नळाच्या आतून जाणाऱ्या यंत्राला या व्यवसायात सर्रास ‘पिग’ म्हणतात आणि मोजमापाची उपकरणे बसवलेल्या पिगला ‘इंटेलिजंट पिग’. बहुतेक पिगना स्वतःचे इंजिन नसते. पॉलियुरेथेनच्या चकत्या किंवा वाट्या नळाच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकलेल्या असतात, त्यांच्या मागचा दाब पुढच्यापेक्षा थोडा जास्त झाला की वाहते तेल किंवा वायूच यंत्राला पुढे ढकलतो. हा ‘थोडा’ फरक फसवा आहे, कारण ३० इंची नळात मागच्या-पुढच्या दाबातील अवघ्या एका बारच्या फरकाने चार टनांहून अधिक वजनाइतका जोर यंत्रावर येतो. म्हणजे अडकलेले यंत्र पुढे रेटण्याइतकी आणि चुकीच्या जागी अडकलेले यंत्र मोडून टाकण्याइतकी शक्ती त्या प्रवाहात असतेच. यंत्र नळात सोडण्यासाठी एका टोकाला लाँचर आणि बाहेर काढण्यासाठी दुसऱ्या टोकाला रिसीव्हर लागतो. हे दोन्ही म्हणजे झडपांनी मुख्य नळापासून वेगळे करता येणारे रुंद, भक्कम दाराचे कक्ष. महागडे यंत्र थेट सोडत नाहीत. आधी फोमचा मऊ पिग, मग ब्रश लावलेले सफाईचे पिग, मग ॲल्युमिनियमची पातळ चकती लावलेला गेज पिग असा क्रम असतो, आणि ही चकती वाकून बाहेर आली तर आत कोठे तरी पोचा किंवा अडथळा आहे एवढे समजून पुढचे काम थांबते. सफाईत निघणाऱ्या मळात लोहाचे सल्फाइड असेल तर ते हवा लागताच आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून रिसीव्हरचे दार उघडणारे कामगार तो मळ पाण्याने भिजवत राहतात.

मोजणीच्या पद्धतींत सर्वांत जुनी आणि रुळलेली पद्धत चुंबकीय आहे. या पद्धतीचे पहिले व्यावसायिक यंत्र अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यास आले आणि पुढच्या दशकात ब्रिटिश गॅसने न्यूकॅसलच्या उत्तरेस क्रॅमलिंग्टन येथे स्वतःचे केंद्र उभारून ती बरीच अचूक केली. यंत्रावर निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक आणि पोलादी तारांचे दाट ब्रश असतात. ब्रशांतून चुंबकीय प्रवाह नळाच्या भिंतीत शिरतो, भिंतीतून काही अंतर जाऊन दुसऱ्या ब्रशांतून परत येतो. भिंत अखंड असेल तर हा प्रवाह पोलादातच राहतो. गंजाने धातू कमी झाला असेल तेथे तो मावत नाही आणि बाहेर फाकतो, आणि दोन ब्रशांच्या मध्ये बसवलेले संवेदक हे फाकणे टिपतात. यात एक अट आहे: भिंत चुंबकत्वाने जवळजवळ तृप्त झाली पाहिजे, कारण जागा शिल्लक असलेल्या पोलादात दोषाभोवतीचा प्रवाह निमूटपणे शेजारून निघून जातो आणि संवेदकाला काहीच कळत नाही. जमिनीवरील १०-१२ मिलिमीटर जाडीच्या नळात ही अट सहज पाळली जाते. समुद्रातील उच्च दाबाच्या नळांची भिंत २५ ते ४० मिलिमीटर असू शकते. तेथे चुंबक वाढवावे लागतात, चुंबक वाढले की यंत्र भिंतीला अधिक चिकटते, त्याला हलवण्यासाठी अधिक दाब लागतो, आणि नळ लहान व्यासाचा असेल तर एवढे चुंबक ठेवायला मध्यभागी जागाच उरत नाही. शिवाय ही पद्धत जाडी थेट मोजत नाही. ती गळणारे चुंबकत्व मोजते आणि त्यावरून दोषाची खोली अनुमानाने काढते; नळाच्या लांबीच्या दिशेने गेलेली अरुंद चर तर नेहमीच्या मांडणीत तिच्या नजरेतून निसटू शकते, म्हणून चुंबकीय क्षेत्र नळाच्या परिघाच्या दिशेने फिरवणारी वेगळी यंत्रे करावी लागली.

ध्वनीची पद्धत याउलट जाडी थेट मोजते. संवेदकाने सोडलेली श्राव्यातीत ध्वनिलहर भिंतीच्या आतल्या पृष्ठावरून एकदा आणि बाहेरच्या पृष्ठावरून पुन्हा एकदा परतते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असल्याने २० मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून जाऊन येण्यास साधारण सात मायक्रोसेकंद लागतात, आणि हा काळ मोजला की जाडी मिळते. भिंत जितकी जाड तितके हे मोजमाप सोपे, त्यामुळे जेथे चुंबकीय पद्धत दमते तेथे ही उपयोगी पडते. तिची अडचण अशी की संवेदक आणि भिंत यांच्यामध्ये द्रव लागतो. तेलवाहिनीत तो असतोच, मात्र भिंतीवर मेणाचा थर असेल तर लहर त्यातच विरते. वायुवाहिनीत द्रव नसतो, आणि यंत्राच्या मागे-पुढे द्रवाचा लांब स्तंभ भरून तो शेकडो किलोमीटर ढकलत नेणे हे स्वतंत्र आणि खर्चिक काम होऊन बसते. यावर निघालेला एक मार्ग म्हणजे विद्युतचुंबकीय परिणामाने ध्वनी पोलादातच निर्माण करणारे संवेदक, ज्यांना द्रवाची गरज नसते, पण भिंतीपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर राहावे लागते. दुसरा मार्ग नॉर्वेत विकसित झाला. त्यात ध्वनीच्या अनेक वारंवारता एकदम सोडून भिंत कोणत्या वारंवारतेला घुमते हे पाहतात. भिंतीची जाडी अर्ध्या तरंगलांबीइतकी झाली की ती घुमू लागते, आणि २० मिलिमीटर पोलादासाठी ही पहिली वारंवारता १५० किलोहर्ट्झच्या जवळपास येते. एरवी वायू ध्वनी नीट वाहून नेत नाही, पण समुद्रातील वाहिन्यांत तो इतका दाबलेला आणि म्हणून इतका घन असतो की या पद्धतीला तो पुरतो. उच्च दाब ही अडचण मानून चाललेल्या व्यवसायात तोच दाब मदतीला आल्याचे हे दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल.

तपासणीला ‘अवघड’ ठरणाऱ्या पाइपलाइनचे मूळ बहुधा बांधणीच्या वेळच्या निर्णयांत सापडते. नॉर्वेच्या समुद्रातील ऑसगार्ड क्षेत्रापासून स्टाव्हांगरच्या उत्तरेकडील कोर्स्टो येथील प्रकल्पापर्यंत जाणारी सातशे किलोमीटरहून लांब वायुवाहिनी २००० मध्ये सुरू झाली. तिचा मुख्य व्यास ४२ इंचांचा, पण फलाटाकडील भाग २८ इंचांचा आहे. म्हणजे एकाच यंत्राने सुमारे ७११ मिलिमीटरच्या नळात शिरून पुढे सुमारे १,०६७ मिलिमीटरच्या नळात घट्ट बसायचे आणि तसेच किनाऱ्यापर्यंत यायचे; नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ येथे सव्वादोन पट वाढते. अशा यंत्राच्या चकत्या अरुंद भागात दुमडल्या तर त्यांना सुरकुत्या पडतात, सुरकुत्यांतून वायू निसटतो आणि यंत्र जागीच थांबते. त्या पुरेशा मऊ केल्या तर रुंद भागात यंत्राच्या काही टन वजनाखाली खालच्या बाजूने झिजून जातात. म्हणून छत्रीच्या काड्यांसारखे उघडणारे, चाके लावलेले बाहू यंत्राला नळाच्या मध्यावर तोलून धरतात आणि चकत्यांकडे केवळ दाब अडवण्याचे काम राहते. चुंबक आणि संवेदकही याच रीतीने आत-बाहेर सरकावे लागतात, आणि दोन्ही व्यासांत त्यांचा भिंतीशी होणारा स्पर्श सारखाच विश्वासार्ह असावा लागतो. या एका नळासाठी खास यंत्र घडवणे भाग पडले.

याच्या उलट उदाहरण बाल्टिक समुद्रातील ‘नॉर्ड स्ट्रीम’चे देता येईल. रशियातील व्हिबोर्गपासून जर्मनीतील लुबमिनपर्यंतच्या १,२२४ किलोमीटरच्या त्या वाहिनीत दाब अंतरागणिक कमी होत जात असल्याने भिंतीची जाडी ४१ मिलिमीटरपासून २६.८ मिलिमीटरपर्यंत उतरवली होती, तरी आतला व्यास मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत १,१५३ मिलिमीटरच ठेवला होता. जाडीतील सगळा फरक बाहेरच्या बाजूला घेतला. त्या वाहिनीचे पुढे राजकारणात आणि सप्टेंबर २०२२ च्या स्फोटांत काय झाले हा निराळा विषय, पण तपासणीच्या दृष्टीने तिचा आराखडा शहाणपणाचा होता यात शंका नाही.

व्यासाखेरीज आणखीही अडचणी असतात. दोन वाहिन्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या मिळतात त्या जागी यंत्राच्या पुढच्या आणि मागच्या चकत्यांतील अंतर तोंडाच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर दाब शेजारच्या फाट्यातून निघून जातो आणि यंत्र तेथेच विसावते. कित्येक नळांचे दुसरे टोक समुद्रतळावरच्या विहिरीशी जोडलेले असते. तेथे रिसीव्हर नसतो, म्हणून यंत्र द्रवाच्या दाबाने आत पाठवून उलट प्रवाहाने त्याच वाटेने परत आणावे लागते. वाटीसारख्या चकत्या एकाच दिशेने दाब धरतात, त्यामुळे अशा यंत्राला सपाट चकत्या लावतात. फलाटाच्या पायाशी उभा चढणारा नळ, म्हणजे रायझर, लाटांच्या माऱ्याच्या पट्ट्यातून जातो आणि जहाजांच्या धक्क्यालाही तोच सापडतो. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ फलाटावर २२ जणांचा बळी घेणारी आग मदतनौका रायझरवर आदळल्यानेच लागली होती. वायुवाहिनीत वेगाचाही प्रश्न येतो. वायू दाबला जाणारा असल्याने कमी दाबाच्या नळात यंत्र एखाद्या जोडावर क्षणभर अडते, मागे दाब साचतो आणि ते एकदम उसळून पुढे जाते. त्या उसळीत गेलेल्या लांबीची नोंद निरुपयोगी ठरते. म्हणून यंत्राच्या पोटातून थोडा वायू पुढे सोडणारी झडप बसवून वेग आटोक्यात ठेवतात.

अशा यंत्राची चाचणी हा या सगळ्या उद्योगाचा खरा गाभा आहे, आणि समुद्रात तर विशेषच. जमिनीवरील पाइपलाइनमध्ये यंत्राने एखाद्या ठिकाणी निम्मी जाडी गेल्याचे सांगितले, तर तेथे खड्डा खणून, आवरण काढून, हाताने मोजून खातरजमा करता येते, आणि चार-सहा खड्ड्यांत यंत्र खरे किती आणि खोटे किती हे उघड होते. समुद्रतळावर खड्डा खणणे म्हणजे पाणबुडे किंवा दूरनियंत्रित यंत्र, सहायक जहाज, काँक्रीट फोडणे आणि ते पुन्हा झाकणे. हे वारंवार परवडत नाही, आणि शेकडो मीटर खोलीवर तर क्वचितच केले जाते. त्यामुळे यंत्राच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा याचा निकाल ते पाण्यात जाण्यापूर्वी, चाचणीच्या मैदानावरच लागावा लागतो.

या चाचण्या टप्प्यांनी होतात. पहिल्या टप्प्यात उघड्या मैदानावर मांडलेल्या नळातून यंत्र दोरखंड आणि विंचच्या साहाय्याने वेगवेगळ्या वेगांनी ओढतात. नळाच्या भिंतीत निरनिराळ्या आकारांचे आणि खोलीचे खड्डे मुद्दाम कोरलेले असतात. शक्य असेल तर सेवेतून काढलेल्या, खरोखर गंजलेल्या नळाचे तुकडेही जोडतात, कारण यंत्राने कोरलेला गुळगुळीत खड्डा आणि गंजाने खाल्लेला वेडावाकडा खड्डा यांचे संकेत सारखे नसतात. एकदा चुंबकीय यंत्र गेले की पोलादात थोडे चुंबकत्व मागे राहते आणि ते पुढच्या मोजमापात मिसळते, म्हणून पहिली ओढ आणि नंतरच्या ओढी यांची तुलना स्वतंत्रपणे करावी लागते. दुसऱ्या टप्प्यात वाकणे, व्यासबदल, फाटे आणि झडपा असलेल्या बंद वळशातून पाण्याच्या दाबाने यंत्र फिरवून प्रत्येक ठिकाणी किती दाबफरक लागतो हे टिपतात. तिसरी कसोटी दाबाची. यंत्राची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स ज्या कुप्यांत असतात त्या नळातील दाबाहून अधिक दाबाला तपासल्या जातात, आणि दाब वाढवण्याइतकेच तो उतरवण्याकडेही लक्ष द्यावे लागते, कारण उच्च दाबात रबरी भागांत मुरलेला वायू दाब झपाट्याने उतरला की फुगतो आणि सील आतून फाटते.

यानंतर प्रश्न राहतो आकडेवारीचा. या क्षेत्रातील निविदांत आणि कंपन्यांच्या हमीपत्रांत चुंबकीय यंत्राबद्दल साधारण असे म्हटलेले आढळते की भिंतीच्या जाडीच्या १० टक्क्यांहून खोल दोष सापडण्याची शक्यता ९० टक्के राहील आणि खोलीचा अंदाज दहापैकी आठ वेळा अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल. वाचणाऱ्याला हे आश्वासक वाटते. पण खोली ४० टक्के सांगितली असता ती प्रत्यक्षात ५० टक्क्यांहूनही अधिक असू शकते, हेही त्याच वाक्यात दडलेले असते. सापडण्याची शक्यता ९० टक्के आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे तर एका प्रकारचे किमान २९ दोष ठेवून ते सगळेच्या सगळे सापडावे लागतात. एक जरी निसटला तरी नमुना वाढवावा लागतो. खड्डे, चरी, जोडाजवळचे दोष, जाड भिंत, पातळ भिंत असा प्रत्येक प्रकार धरला तर शेकडो दोष कोरावे लागतात, आणि ते कोठे आहेत हे निष्कर्ष काढणाऱ्या विश्लेषकाला सांगायचे नसते. ‘एपीआय ११६३’ या अमेरिकी मानकाने आणि पाइपलाइन चालवणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने तयार केलेल्या विनिर्देशांनी दाव्याला पुरावा जोडण्याची ही शिस्त लावून दिली. यंत्र बनवणाऱ्यानेच कोरलेले दोष त्यानेच शोधून दाखवणे ही चाचणी नव्हे, जाहिरात आहे. ग्राहकाने स्वतः निवडलेल्या, झाकून ठेवलेल्या दोषांवर घेतलेली परीक्षाच ग्राह्य धरावी.

यंत्र बाहेर आल्यावरही काम संपत नाही. दोनशे किलोमीटरच्या वाहिनीतून सेकंदाला एक मीटर वेगाने जाण्यास साधारण ५६ तास लागतात, तेवढा वेळ बॅटरी टिकावी लागते, आणि दर दोन मिलिमीटरला एक नोंद धरली तर नोंदींच्या दहा कोटी ओळी जमतात. दोष आहे हे कळणे पुरेसे नाही, तो कोठे आहे हेही कळावे लागते. जमिनीवर ठराविक अंतरावर ठेवलेल्या खुणांवरून यंत्राचा ठावठिकाणा दुरुस्त करता येतो. समुद्रतळावर अशा खुणा नसतात, भिंतीवर फिरणारी अंतरमापक चाके घसरतात आणि दिशामापक घूर्णदर्शीची चूक तासागणिक वाढत जाते. शेवटी आधार घ्यावा लागतो तो वेल्डच्या जोडांचा. सुमारे १२ मीटर लांबीच्या तुकड्यांनी बनलेल्या एवढ्या वाहिनीत असे सोळा हजारांहून अधिक जोड असतात, आणि नळ टाकताना ठेवलेल्या जोडांच्या नोंदवहीशी ते एकेक करून जुळवले जातात. ती जुनी नोंदवही अपुरी असेल तर उत्तम यंत्राचाही अर्धा उपयोग वाया जातो, ही गोष्ट कार्यालयातील दप्तर सांभाळणाऱ्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

या सर्व खटाटोपाकडे पाहिले म्हणजे असे दिसते की तपासणी यंत्रांतील बरीचशी कल्पकता ही पूर्वी नळात केलेल्या काटकसरीची भरपाई आहे. व्यास बदलताना, फाटा जोडताना किंवा रिसीव्हर वगळताना जे पैसे वाचतात ते पुढे खास यंत्र घडवण्यात, त्याच्या चाचण्यांत आणि ते अडकल्यास वाहिनी बंद ठेवण्यात खर्च होतात. म्हणून नव्या वाहिनीचा आराखडा मंजूर करणाऱ्यांनी ‘यातून तपासणी यंत्र जाईल का’ हा प्रश्न तेल-वायूच्या परिमाणाइतकाच आधी विचारला पाहिजे, आणि जुन्या वाहिन्यांसाठी यंत्र मागवताना किमतीच्या आधी चाचणीचे आकडे मागितले पाहिजेत. मुंबई हायच्या बाबतीत यात वेळापत्रकाचीही भर पडते: पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असल्याने समुद्रतळावरील दुरुस्तीची मोठी कामे मुख्यतः नोव्हेंबर ते मे या काळातच होतात, त्यामुळे तपासणीचा अहवाल एप्रिलअखेर हाती आला तर त्यातील गंभीर दोषाचीही दुरुस्ती बहुधा पुढच्या हंगामावर जाते आणि तोवर ती वाहिनी कमी दाबावर चालवावी लागते.